दोन शिफारसपत्रं

हे मी देवनागरीत लिहिते आहे, कारण जिच्याबद्दल लिहिते आहे तिला देवनागरी वाचता येत नाही. आमच्या तंजावूरच्या मराठी घरांत फारच थोड्यांना येते. आम्ही बोलतो मराठी आणि वाणसामानाची यादी करतो तमिळ अक्षरांत. मी मोठेपणी हट्टाने शिकले. त्याचा असा उपयोग होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

ती आमच्या प्रयोगशाळेतली, माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. रोज तिरुवैयारुहून मोपेडवर यायची. मला अक्का म्हणायची. अख्ख्या विभागात मराठी आम्ही दोघीच, त्यामुळे आमच्या तमिळ मार्गदर्शक सरांच्या तोंडावर सरांबद्दल वाटेल ते बोलायची सोय होती, आणि ती आम्ही पुरेपूर वापरली. सरांना वाटे, किती गोड बोलतात दोघी.

तिची एकच गोष्ट मला सहन होत नसे. तिला झाडं माझ्यापेक्षा जास्त कळत. किनाऱ्याकडच्या जंगलात मी तीन वर्षं रोपं मोजली आणि तिन्ही वर्षं दोन वेगळ्या जातींची रोपं एकच समजून एकाच रकान्यात टाकली. ती पहिल्यांदा सोबत आली, उकिडवी बसली, पानं उलटून बघितली आणि हळूच म्हणाली, ही दोन वेगळी आहेत. मग महिनाभर उन्हात बसून तिने माझी सगळी मोजणी परत करून दिली. कुणाला कळू दिलं नाही. माझा प्रबंध त्यामुळे वाचला. मी तिला एकदा कॉफी पाजली.

मग जाहिरात आली. पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, अंदमानच्या बेटांवरच्या जंगलात. तिथल्या काही बेटांवर बाहेरून आणलेली चितळं कोवळी रोपं वाढूच देत नाहीत. चितळं पोचलेली बेटं आणि न पोचलेली बेटं, यांची तुलना करायची. दोन वर्षं, जागा एक. अर्ज आम्ही दोघींनी केला. माझी वयोमर्यादा त्याच वर्षी संपत होती. कॉलेजात तासावर शिकवून मी विटले होते, आणि ही जागा गेली तर जन्मभर तेच, हे मला स्वच्छ दिसत होतं. तिच्यापुढे अजून चार वर्षं होती. मी स्वतःला हेच सांगितलं.

शिफारसपत्र सरांचं हवं होतं. सरांनी आयुष्यात कुणाचं शिफारसपत्र स्वतः लिहिलेलं नाही. विद्यार्थ्याने आपलं कौतुक आपणच लिहून आणायचं, सरांनी एखादा स्वल्पविराम हलवून सही ठोकायची, ही आमच्या विभागाची रीत. तिचं इंग्रजी कच्चं, म्हणून सर म्हणाले, तिचंही तूच लिही. आम्ही दोघी एकाच जागेसाठी झगडतोय हे त्यांना माहीत होतं. पण इथले मराठी एकमेकांची साथ कधी सोडत नाहीत, अशी गावातल्या तमिळ लोकांची पक्की समजूत आहे. कुंपणच शेत खातं ही म्हण तमिळमध्येही आहे. सरांना ती नेमकी तेव्हा आठवली नाही.

तिच्या पत्रात मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही. वक्तशीर आहे, नम्र आहे, सांगितलेलं काम मुकाट्याने करते, योग्य देखरेख मिळाली तर चांगली प्रगती करील. असं पत्र वाचून कुणी कुणाला बेटावर एकटं सोडत नाही. मला ते लिहिताना मजा आली, हेही सांगून टाकते. माझ्या पत्रात मी लिहिलं की रोपांच्या ओळखीतली एक गंभीर चूक हिने, म्हणजे मी, स्वतःच्या चिकाटीने शोधून दुरुस्त केली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. सरांनी दोन्हींवर सही केली.

मुलाखतीला बोलावणं एकटीला आलं, मला. आता ती चूक कशी शोधली हे विचारणार, आणि मला ती दोन रोपं तेव्हाही ओळखता येत नव्हती. मी तिलाच विचारलं. दुसऱ्या दिवशी ती मोपेडवर दोन कुंड्या बांधून घेऊन आली. पानाच्या मागच्या शिरेवरून बोट कसं फिरवायचं, लव कुठे लागते आणि कुठे लागत नाही, हे तिने मला डोळे मिटायला लावून पुन्हा पुन्हा करून घेतलं. मुलाखतीत नेमकं तेच विचारलं. नोकरी मला मिळाली.

निघण्याआधी सरांच्या घरी पाया पडायला गेले. कॉफी देता देता सर तिचं कौतुक करू लागले. म्हणाले, मला स्कॅनिंग जमत नाही, दोन्ही पत्रं तिनेच स्कॅन करून पाठवली, एका शब्दाने काही विचारलं नाही, फार साधी मुलगी. म्हणजे कुंड्या आणल्या तेव्हा तिने दोन्ही पत्रं वाचलेली होती. तिचं इंग्रजी लिहिण्यापुरतंच कच्चं होतं.

मी तशीच बस पकडून तिरुवैयारुला गेले. ती दारात तांदूळ निवडत होती. माफी मागायची असं बसमध्ये ठरवलं होतं, पण तोंडून भलतंच निघालं. सरांना का सांगितलं नाहीस, असं मी तिलाच दरडावून विचारलं.

"सांगून काय, अक्का?" सुपातून मान वर न करता ती म्हणाली. "सर म्हटले अस्ते, बरं, तिजकडून परत लिहून आण."

आणि कुंड्या कशाला आणल्यास, हे मी विचारलं नाही. तिने मला जेवायला थांब म्हटलं. मी थांबले नाही, आणि चार दिवसांनी अंदमानला गेले.

ती आता गावातल्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. मागच्या रजेत मी तंजावूरला होते तेव्हा आमच्या प्रकल्पप्रमुखांचा फोन आला. दुसरी जागा निघाली होती. रोपं ओळखणारं तुमच्याकडचं कुणी आहे का, त्यांनी विचारलं; जाहिरातीचीही गरज नाही, तुमचा शब्द पुरे. ती आली तर आठवड्याभरात सगळ्या बेटाला कळेल की दोघींतली कोण रोपं ओळखते. मी म्हटलं, नाही, कुणी नाही.