उजवीकडचे धुळाजीबापू

दुष्काळात आष्टीजवळ एका सहकारी संस्थेनं चारा छावणी काढली होती. माझ्या दोन बैलांशेजारी धुळाजीबापूंची तांबडी गाय. माणूस साधा, पण डोक्याला ताप. कुणी कुठूनही हाक मारली की बापू उजवीकडंच वळायचे. डावीकडून येऊन 'चहा घ्या' म्हटलं तर उजवीकडच्या खांबाशी बोलायला लागायचे. म्हातारा मुद्दाम करतो, असंच मला वाटे.

एकदा विचारलं, तर म्हणाले, "सरूबाई, जवानीत हिरी खांदायचो. सुरुंगानं डावा कान गेला. ऐकू समदं येतं, पर कुठून येतंय ते कळंना. बीडचा डाक्टर म्हनला, आवाज ज्या कानाला आधी पोचतो ती बाजू. आता एकाच कानाला आधी काय अन् मागून काय?"

आवाज चालू राहिला तर ते मान फिरवून अंदाज घेत. मान फिरेस्तोवर तो थांबला, की संपलं. घरी बायको वत्सलाबाई आवाज आला त्या बाजूला नुसतं बोट दाखवायची. ती ऊसतोडीला गेलेली.

तांबडीचे दिवस भरले होते. मागच्या वेळी वासरू अडलं, तेव्हा बापूंनीच हातानं ओढून काढलं होतं. म्हणून ते तिच्यापासून हलत नसत. पण चारा आणायला तर जावंच लागे. त्या दुपारी आम्ही दोघं चाऱ्याच्या रांगेतून परतलो, तर तांबडी दावं तोडून गेलेली.

तेवढ्यात हंबरणं ऐकू आलं. छावणीत शेकड्यांनी जनावरं, मला सगळ्यांचं हंबरणं सारखंच. "हीच ती," म्हणत बापू उजवीकडं पळाले. बऱ्याच वेळानं धापा टाकत परत आले. पुन्हा हंबरणं, पुन्हा उजवीकडं. मी वैतागून त्यांचा हात धरला.

"हलू नगा बापू. ती वरडली की तुमी नुस्तं 'ही' म्हना. कुठून ते म्या सांगते."

"ही," ते म्हणाले. आवाज डावीकडून, कोरड्या ओढ्याच्या अंगानं येत होता. चालत राहिलो. "ही." आता समोरच.

बाभळीच्या आडोशाला तांबडी आडवी पडली होती. वासरू अर्धं बाहेर येऊन अडकलेलं. बापूंनी ते ओढून काढलं, नाकातोंड पुसलं, छाती चोळली, फुंकर घातली. कितीतरी वेळ ते चोळतच होते. शेवटी मीच त्यांचे हात बाजूला केले.

"तुमी लई केलं बापू," मी म्हटलं.

ते मातीतच बसले. "मलाच बलावत व्हती, सरूबाई. अन् म्या तिच्याकडं पाठ करून पळत व्हतो."