जागच्या जागी थरथर

लातूरच्या ज्या खोलीत माझी अकरावी-बारावी झाली, तिला एक दार, एक खिडकी आणि वर सिमेंटचा स्लॅब होता. त्या स्लॅबखाली मी एकटीच झोपायचे. माय अंगणात, दारापासून जरा लांब, चटई टाकून झोपायची. पोरीच्या शिकवणीसाठी गाव सोडून आलेली, दोन्ही वेळा गरम भाकरी करून घालणारी, पण दिवे लागले की छताखाली न थांबणारी अशी ती बाई.

भूकंपाला तेव्हा काही वर्षं होऊन गेली होती. निलंग्याकडच्या आमच्या गावात भिंतींना भेगा गेल्या, तेवढ्यावर निभावलं. मायचं माहेर मात्र उरलं नाही. त्याबद्दल ती बोलत नसे आणि आम्ही विचारत नसू. बाप गावी पत्र्याच्या शेडात राहून शेती बघायचा. त्या पत्र्याखाली माय बिनघोर झोपायची. लातूरला आल्यावर तिनं स्लॅबकडे मान वर करून बघितलं आणि पहिल्याच संध्याकाळी चटई बाहेर नेली. शिवाय जुन्या लुगड्याची लांब पट्टी फाडून एक टोक माझ्या पायाला बांधलं, दुसरं दाराखालून काढून स्वतःच्या मनगटाला. मला भयंकर लाज वाटायची. मैत्रिणींना काय सांगणार, की मला वासरासारखं दाव्याला बांधून ठेवतात?

लातूर तेव्हा पोरापोरींनी भरून वाहत होतं. मुरुडची, हदगावकडची, कुठली कुठली पोरं आलेली. ज्याच्या घरात जिन्याखाली जागा होती त्यानं जिन्याखालची जागाही भाड्यानं दिली होती. शिकवणीच्या हॉलमध्ये इतकी दाटी, की एकीनं कोपर हलवलं तर सगळा बाक सरकायचा. आमच्या रसायनाच्या सरांनी पदार्थाच्या अवस्था शिकवताना आम्हालाच कण करून टाकलं. "आत्ता तुम्ही घन," ते म्हणाले. "जागा सोडता येत नाही, नुसती चुळबुळ. तास संपला की जिन्यावरून एकमेकांना घासत खाली उतरता, तेव्हा द्रव. आणि चौकात पोचलात की वायू. मग तुम्हाला तुमचे आईबापही शोधू शकत नाहीत."

हॉल हसला. मी हसायची राहूनच गेले. दगडसुद्धा आतून थरथरत असतो, कण जागा सोडत नाहीत पण थांबतही नाहीत, हे ऐकून मला कसली तरी भूल पडली होती. घरी जाताना कंपाउंडची भिंत, दुकानाची पायरी, रसवंतीच्या दारातला बर्फाचा गोळा, सगळंच बारीक कुजबुजत असल्यासारखं वाटलं. सायकलच्या घंटीवर बोट ठेवून मी बराच वेळ उभी राहिले. काही जाणवलं नाही, तरी मला खरं वाटत होतं. त्या वयात खरं वाटायला फार काही लागत नाही.

घरमालक कल्हईवाले होते. पिढ्यान्‌पिढ्या लातुरातच. अंगणाच्या एका कोपऱ्यात त्यांचा भाता आणि कोळशाची भट्टी. सकाळी मी पायरीवर पुस्तक घेऊन बसायचे आणि पुस्तक सोडून तिकडेच बघायचे. तापलेल्या पातेल्यात ते कथलाची कांडी टेकवत, ती क्षणात पाण्यासारखी पळू लागे. मग चिमूटभर नवसागर टाकून कापसाच्या बोळ्यानं एक फेर, की काळं पातेलं आतून उजळून निघे. नवसागर वितळत नसे. पांढरी भुकटी पडली न पडली तोच पांढरा धूर होऊन उठायची. सरांनी त्याला संप्लवन म्हणायला शिकवलं होतं. खरं तर तो तापून दोन वायूंत फुटतो आणि वर गेल्यावर पुन्हा जुळतो, पण ते मला पुढं पदवीला कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं, की तो धूर अंगणातल्या कडुलिंबाच्या फांद्यांत शिरतो, थोडा वेळ थांबतो आणि मग नसतोच. माझ्या सकाळच्या सकाळी त्यात गेल्या.

एकदा मायही भांडी घासता घासता बघत राहिली.

"ती भुकटी कुठं गेली गं?"

"हवेत. कण तेच आहेत, नुसते लांब लांब झाले."

"त्येच हायती?"

"तेच."

ती बराच वेळ फांद्यांकडे बघत राहिली. हातातली राख तशीच.

दिवाळीनंतर थंडी वाढली आणि घरमालकीणबाई, ज्यांना आम्ही भाभी म्हणत असू, मायला म्हणाल्या, "आक्का, मोहल्ल्यात लोक बोलून राहिले. म्हणतात, भाडं घेतात आन बाईमाणसाला भाईर झोपवतात. आमच्या इज्जतीचा सवाल हाय. ह्या महिन्यात आत झोपा, न्हाईतर दुसरी खोली बघा."

दुसरी खोली! सगळ्या लातुरात अंगण असलेली रिकामी खोली मिळाली असती तर आकाशातून पडलीच म्हणायची. आणि खोली नाही तर बाप येणार, बोचकं बांधणार, माझी बारावी तिथंच संपणार. मला रडू आलं आणि रागही आला, रागच जास्त. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो हे ठीक, पण ही बाई ताकाच्या भांड्याजवळही जाईना.

मी विज्ञानानं तिला आत आणायचं ठरवलं. ती चुलीपुढं बसलेली असताना मी भिंतीवर हात ठेवून सगळं समजावून सांगितलं. घन पदार्थ कसा असतो, कण एकमेकांना कसे घट्ट धरून ठेवतात, कुणी कुणाला सोडत नाही. "आपापल्या जागी नुसते थरथरतात," मी म्हणाले, "रात्रंदिवस, कधीच थांबत नाहीत."

मायनं भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे वळली. "म्हंजे ही भिंत आत्ताबी हालून राहिली?"

"हो, पण तसं नाही..."

"मंग मी येगळं काय म्हनून राहिले?"

त्या संध्याकाळी चटई आणखी दोन वीत लांब गेली. पट्टी पुरेना, म्हणून तिनं तिला दुसरं फडकं जोडलं.

महिना संपत आला तेव्हा भाभी दिवेलागणीला उत्तर मागायला आल्या. त्यांच्यासमोर माझा तोल गेला. मी ओरडले, "सगळं लातूर छताखाली झोपतं. तुझ्या भीतीपायी माझं शिक्षण जाणार. एवढा कसला गं तुला मरणाचा धाक?"

माय चटई उलगडायची थांबली, एवढंच.

"मला मरायचं भ्याव न्हाई," ती म्हणाली. "माझ्या माहेरात समदे आत व्हते. वाड्यातले, शेजारचे, पलीकडच्या गल्लीतले, समदे आत. दिवस उगवल्यावर रानातून मानसं आली. त्यांनी बिचाऱ्यांनी हातानं उकरलं. फुडच्या सोप्यात उकरलं. तिथं कुनीच न्हवतं. माझी मायबा मागं, न्हानीच्या अंगाला झोपायचे. मी पोचले तवा सांगितलं. पर लई उशीर झाला व्हता." तिनं मनगटावरची पट्टी नीट केली. "दोघी आत झोपल्यावर, तू कुठं हायस त्ये सांगायला भाईर कोन?"

इतके दिवस मी तिला भित्री समजत होते. ती रोज थंडीत माझ्यासाठी पहाऱ्याला झोपत होती.

भाभी दारात उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. मी पुस्तकं गोळा करायला घेतली.

तास-दीड तासानं त्या कंदील घेऊन परत आल्या, वीज नेहमीप्रमाणे गेली होती. मायचा हात धरून म्हणाल्या, "आक्का, चला जरा." आम्ही दोघी त्यांच्या मागून गेलो. त्यांच्या घराच्या आतल्या भागात आम्ही तोवर कधी पाऊल टाकलं नव्हतं. जेवणं झालेली, अंथरुणं घातलेली, पोरं आमच्याकडे टकामका बघत होती.

भाभींनी कंदील खाली धरला. "हितं आमचे ह्ये झोपतात," त्या म्हणाल्या. "ही मोठी, खिडकीखाली. धाकटा मधात. सासूबाई त्या कोपऱ्यात, त्यांना ऐकू येत न्हाई, हाक मारू नका, सरळ उकरा. आन मी हितं, दारापाशी."

माय खाली बसली. एकेका अंथरुणावर तिनं हात टेकवला, जसं कुणी वाट लक्षात ठेवतं. कोपरा ते खिडकी हे अंतर तिनं वितीनं मोजलं. मग वर बघून अगदी व्यवहारानं विचारलं,

"उन्हाळ्यात जागा बदलता का?"

"बदलली की येऊन सांगते," भाभी म्हणाल्या.