टोपीवाल्या देवीचं नाणं

मी कुवेतमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. दिवसभर लोकांचं रक्त तपासतो. अमेरिकेला कधी गेलेलो नाही. तरी मला छंद लागावा कसला, तर अमेरिकेच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या सोन्याच्या नाण्यांचा! उन्हाळ्यात इथे बाहेर पडायची सोय नसते. एसीत लोळत लिलावांचे व्हिडिओ बघता बघता मी त्यात पुरता वाहवत गेलो. नाणी घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून ज्ञान गोळा केलं. ते ऐकायला हक्काची एकच व्यक्ती होती, माझी बायको. ती नर्स आहे, त्यामुळे कुणाचंही बरळणं शांतपणे ऐकायची तिला सवय आहे.

एकदा तिचं कानातलं दुरुस्त करायला आम्ही मिरकाबजवळच्या सोनेबाजारात गेलो. दुकानदार रत्नागिरीकडचा, जुन्या ओळखीचा. तो मला डॉक्टर म्हणतो आणि मी कधी त्याची चूक दुरुस्त केलेली नाही. काउंटरवर मोडीत आलेल्या दागिन्यांचा ट्रे होता, आणि त्यातल्या एका नाण्यावर ती होती! टोपी घातलेली स्वातंत्र्यदेवी, कुरळे केस, भोवती तारे.

मी चेहरा अगदी निर्विकार ठेवला. बायकोने विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

"हे काय आहे?" मी दुकानदाराला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कुणा आजीच्या हारातलं हाय, डॉक्टर. वितळवायला जाणार. हवं तर सोन्याच्या भावात घ्या."

बिचाऱ्याला काही कल्पनाच नाही, असं वाटून मला त्याची दया आली. त्याला खरं सांगावं, असंही एक क्षण मनात आलं. मग मी नाणं घेतलं आणि तो क्षण गेला.

पुढच्याच शुक्रवारी आमच्याकडे ओळखीची मराठी मंडळी जेवायला होती. मी जेवणाआधी नाणं मखमलीवर ठेवून व्याख्यान सुरू केलं. देवीच्या चेहऱ्यावर बारीक ओरखडे होते. ते दाखवून मी म्हणालो, "हीच तर खरेपणाची खूण! त्या काळी नाण्याची कोरी चकती वजनाला जास्त भरली की टांकसाळीतले लोक ती कानशीने घासायचे आणि मग तिच्यावर ठसा मारायचे." सगळे भारावून गेले, निदान माझा तसा समज झाला. आमची आठवीतली मुलगी म्हणाली, "बाबा, कॅन वी ईट नाऊ?"

या यशाने धीर येऊन मी नाणं लॅबमध्ये नेलं. जेवणाच्या सुट्टीत मायक्रोस्कोपला सगळ्यात कमी पॉवरची लेन्स लावली, वरून मोबाइलचा टॉर्च धरला आणि डोळा लावला. ओरखडे देवीच्या गालावरून निघून थेट नाकाच्या शेंड्यावरून पलीकडे गेले होते, आणि त्यांच्या कडा अजून धारदार होत्या. म्हणजे ते ठशाखाली दबलेले नव्हते, नंतर पडलेले होते. कडेला डाग दिल्याची खूण होती. तिथे कधीतरी हारात ओवायची कडी असणार. आणि सगळ्या पृष्ठभागावर बारीक बारीक खळगे. म्हणजे ठसा मारलेलं नव्हे, साच्यात ओतलेलं काम. दागिन्यासाठी केलेली नक्कल.

आयुष्यभर मी इतरांचे रिपोर्ट काढले. स्वतःचा रिपोर्ट इतका वाईट कधी आला नव्हता.

घरी सांगितल्यावर बायको आधी पोट धरून हसली, मग तिने विचारलं, "पण सोनं तरी खरं आहे ना?" सोनं खरंच होतं. घेतलं त्याच भावाला परत जाण्यासारखं होतं. म्हणजे मिरवायला धड नुकसानही झालेलं नव्हतं.

ही बातमी बायकोकडून सगळीकडे पोचली. माझी पत उतरेल, असं मला वाटलं होतं, पण झालं उलटंच. मायक्रोस्कोपखाली खोटं नाणं पकडणारा माणूस म्हणून माझं नाव झालं. खोटं विकत घेणाराही मीच होतो, हे लोक सोयीने विसरले.

गेल्या महिन्यात आमच्याच हॉस्पिटलमधले एक मराठी डॉक्टर सासऱ्यांनी दिलेलं अमेरिकन नाणं घेऊन आले. खुर्ची ओढून माझ्या अगदी जवळ बसले. मी लेन्समधून पाहिलं. तेच खळगे. मान वर केली, तर त्यांचा चेहरा अगदी निर्विकार होता, आणि बोटं टेबलावर नाचत होती.

"सर," मी जपून म्हणालो, "सोनं मात्र उत्तम आहे."

"मला वाटलंच होतं!" ते म्हणाले आणि लिलावात याची बोली किती लागेल, ते मला समजावून सांगू लागले. मी नर्सच्या नवऱ्याला शोभेल अशा शांतपणे ऐकत राहिलो.