काचेवरचा अंगठा

गॅलरीत अण्णा बसले आहेत. मांडीवरचा मोबाइल बंद आहे, तरी त्यांचा अंगठा काचेवर गोल फिरतो आहे.

अण्णांची, माझ्या वडिलांची, दृष्टी गेली त्याला बरीच वर्षं झाली. जुन्या रेडिओच्या बटणाला त्यांनी दोरा बांधला होता. त्याची गाठ अंगठ्याखाली आली की बातम्या लागत. तो रेडिओ मीच भंगारात दिला आणि हौसेने हा मोबाइल आणला.

“जगभरची स्टेशनं आहेत यात, अण्णा!”

“असतील रे. पण हाताला लागत नाहीत.”

मग स्टेशन लावून द्यायला ते मला हाक मारत. मी ‘आलोच’ म्हणे आणि विसरून जाई. एखाद्याला परावलंबी करायला दुष्टपणा लागत नाही, आपली हौस पुरते. हल्ली हाकही येत नाही.

माझी चाहूल लागताच ते म्हणतात, “ऐकतोय मी. तू जा कामाला.”

मी जातो.