तारेवरचा तळहात

उरणला नवीन वीज आली तेव्हा लग्नाच्या मांडवात दिवे लावायला एकच वायरमन यायचा. दोन तारा शेजारी शेजारी ओढून प्रत्येक दिवा त्या दोन्हींना स्वतंत्र जोडायचा. नवरी यायच्या आधी खांद्यावरच्या पंच्याने मधलाच एखादा दिवा काढून बघायचा. बाकीचे तसेच पेटते राहिले की "ज्याची त्याची वाट निराली," असं पुटपुटत तो परत बसवायचा.

शेजारच्या लग्नात नवऱ्याचे मामा आणखी दिव्यांसाठी हटून बसले. वायरमनने थोडे वाढवले. एकही दिवा मंदावला नाही. मामा खूश. हा मात्र रबर चढवलेल्या मुख्य तारेवर तळहात ठेवून उभा.

"अजून लाव," मामा म्हणाले.

"मामा, दिवं मंद न्हाय व्हनार. पन सगल्यांचा करंट या एकाच तारंतून जातो. ती तापलीय, आन् वर सुक्या झावल्या हायत."

मामांनी दम भरला, तसा त्याने फ्यूज उपटून खिशात घातला. अंधारात त्याच्या नावाने शिव्या सुरू झाल्या. त्याने मामांचा हात धरून तारेवर ठेवला. मामांनी तो झटकन मागे घेतला.

"पेट्रोमॅक्सच्या बत्त्या आणा रे," मामा म्हणाले.

पुढे माझ्या मुलीच्या लग्नाची तारीख मी भटजींच्या आधी त्याला विचारली.