जैसे थे

आमच्या शेजारचे वकील आधी फौजेत होते. तिथून त्यांनी एक हुकूम घरी आणला होता, "जैसे थे!" कवायतीत चुकलेल्या जवानाला मूळ जागी धाडणारा हा हुकूम त्यांना कोर्टातही आयता कामी आला. हद्दीच्या दगडी गडग्यावरून भांडणारे अर्धे रत्नागिरीकर त्यांच्यामार्फत 'जैसे थे'चा आदेश मिळवून खुशीत घरी जायचे. गडगा होता तिथेच राहायचा.

घरीही तेच. डॉक्टरांनी मीठ बंद केलं म्हणून वहिनींनी ताटातलं लोणचं उचललं, की वकील गरजायचे, "जैसे थे!"

मग वहिनी एकच फोड परत वाढायच्या आणि म्हणायच्या, "अर्ज अंशतः मंजूर."

वकील गेले. तेराव्याला मुलांनी पडवीतली त्यांची आरामखुर्ची माळ्यावर टाकायला उचलली, तेवढ्यात आतून आवाज आला, "जैसे थे!"

लोणच्याची बरणी घेऊन वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. पन्नाशीतले दोघे मुलगे खुर्ची जागेवर ठेवून सावधान उभे राहिले. मी तर पानावर जेवत होतो, तरी उठलो.