खांदा आणि मांडे

स्कूटीवरून पडल्यापासून माझा उजवा खांदा ऊठसूट निखळायचा. कापसाचे भाव पडून घरंच्या घरं खचली होती, ती वर्षं; दवाखान्याला पैसा नसायचा. आमच्याकडे सगळेच दुखणं अंगावर काढत. आई मात्र अकोल्याहून अमरावतीला येऊन माझ्या घरी ठाण मांडून बसली. "आपरेशन करून टाक. मी हाओ न तुह्यापाशी." मी नको नको म्हणत होते, पण तिच्या हट्टापुढे माझं काही चाललं नाही.

ऑपरेशननंतर सांध्यात एक बारीक नळी ठेवली होती. तिच्यातून बधिर करणारं औषध थेंबथेंब खांद्यात जायचं. मला कणभर दुखलं नाही. मी पलंगावर बसून चिवडा खात होते आणि आई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होती, "पाहा, म्या म्हणलं नोतं काय?"

काही महिन्यांनी खांदा आतून करकरू लागला. हात वर जाईना. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हाडांवरची कूर्चा, म्हणजे सांध्यातली गुळगुळीत गादी, गेली आहे. ते औषध सांध्यात सतत सोडत राहिलं की असं होऊ शकतं, हे अलीकडे कळू लागलंय. गेलेली गादी परत येत नाही. माझं डोकं फिरलं. "त्यापेक्षा दुखलं असतं तर बरं!" मी ऑटोत मोठ्याने म्हणाले. ऑटोवाल्याने मागे वळून पाहिलं.

आईला हे कळू द्यायचं नव्हतं. हट्ट तिचा होता. जन्मभर स्वतःला बोल लावत बसली असती. फोनवर मी कायम ठणठणीत.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अकोल्याला आईकडे गेले. पुरणाचे मांडे दरवर्षी मीच करायची. आईने कणीक तिंबून ठेवली होती. मांडा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि तापलेल्या उलट्या खापरावर टाकायचा. पहिलाच मांडा उचलला नि उजवा हात मध्येच अडकला. मांडा फाटला, पुरण चुलीत. दुसऱ्याचंही तेच झालं.

"कणीकच बिघडली आज," मी घाईघाईने म्हणाले.

आईने माझ्या खांद्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे. कणकेला तिने बोटही लावलं नाही.

"हो वं माय," ती म्हणाली, "पानी जास्त पडलं माह्या हातून."

तिला सगळं कळलं होतं. माझा जीव तुटला. तिने परात पुढ्यात ओढली आणि साध्या जाड पोळ्या लाटायला घेतल्या. त्या होईपर्यंत आम्ही दोघी त्या चांगल्या कणकेला नावं ठेवत राहिलो.